सिनेमात गेलेली पाठवणीची धून

अप्पा, काल ठाण्याला तुमची धून ऐकली आणि मला मळमळलं. बापाला असं सांगू नये, पण तुम्ही जाऊन एक पिढी उलटली, आता कुणाला वाईट वाटायचंय! तुमची नात मला जवळजवळ ओढूनच घेऊन गेली होती. जुन्या सिनेमांचं पार्श्वसंगीत मोठ्या ऑर्केस्ट्राकडून जसंच्या तसं वाजवून घ्यायचं आणि मागच्या पडद्यावर त्या सिनेमाचे तुकडे दाखवायचे, असे कार्यक्रम हल्ली होतात. गार हॉल, रेशमी साड्या, गजरे, मध्यंतरात बटाटेवड्यासाठी रांग. तो मारधाडीचा सिनेमा तुम्हाला आठवत असेलच, विसरलो म्हणून कुणाला सांगता! घोडे, हेलिकॉप्टर, उडवलेला पूल आणि त्या सगळ्यावर चढलेले ट्रम्पेट नि ढोल. निवेदक अगदी गहिवरून सांगत होता, की एवढा पैसा ओतलेला सिनेमा आणि एवढा मोठा वाद्यवृंद आपल्याकडे तोवर कुणी पाहिलाच नव्हता. मग त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, "आता ऐकू या, एका अज्ञात वादकाच्या क्लॅरिनेटमधून उमटलेला स्त्रीच्या वेदनेचा हुंकार." हुंकार म्हणे! काळा कोट घातलेला एक देखणा मुलगा उभा राहिला आणि तुम्ही माझ्या पाठवणीसाठी बांधलेली धून वाजवू लागला. मागे पडद्यावर ती गवताची वखार, ते चार दांडगे पुरुष आणि ती मुलगी. पुढचं त्यांनी सभ्यपणे अंधुक करून टाकलं होतं, तेवढे उपकार. संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला आणि माझ्या मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. वळून बघितलं तर माझ्याच वयाचा म्हातारा, कानात मशीन घातलेलं. मी उठून बाहेर आले आणि तोंड धुतलं.

रात्रभर चीड चीड झाली. सकाळी चहा घेऊन कागद ओढला आणि तुम्हाला लिहायला बसले, कारण दुसऱ्या कुणाला हे सांगायचं तर आधी सगळं पुराण सांगावं लागतं. अर्थात तुम्हालाही मी सगळंच सांगणार आहे. तुम्ही त्यातलं बरंचसं बघितलंच नाहीत, हीच तर माझी तक्रार आहे.

भिवंडीतली, नारपोलीची आपली खोली आठवते. भिंतीपलीकडे लूम, कापडाचे यंत्रमाग खडखडत असायचे, त्यामुळे आपल्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती, आई तर देवाशीही ओरडून बोलायची. तुम्ही दिवसपाळी संपवून येता, हातपाय धुता, खाटेवर बसून क्लारनेटच्या तोंडाची वेताची पत्ती जिभेवर भिजत ठेवता. तेवढा वेळ तुमच्याशी बोलायची सोय नाही, काही विचारलं तर नुसत्या भुवया हलतात. लग्नसराई आली की तुम्ही कारखान्यातून रजा काढून निजामपुऱ्यातल्या बँडमध्ये जायचात. लाल कोट, त्यावर सोनेरी दोऱ्या, आणि ती टोपी, जी घातली की तुम्ही तुमच्यापेक्षा जास्त उंच दिसायचात आणि आई पदराआड हसायची. वरातीत तुम्ही लोकांना हवं ते वाजवायचात, सिनेमातली गाणी, नागीण, सगळं. पण मुलगी घराबाहेर पडायची वेळ झाली की बाकीचे सगळे वाद्यं खाली घ्यायचे आणि तुम्ही एकटे पुढे व्हायचात. ती धून कुठल्या सिनेमातली नव्हती, तुम्हीच बांधली होती. मुलगी वडीलधाऱ्यांच्या पाया पडत असे तोवर सूर खालच्या खाली घोटाळायचा. ती उंबरठ्याशी आली की वर चढायचा. आणि ती वळून मागे बघायची तिथे तुम्ही श्वास धरून थांबायचात, इतके की आता मास्तर विसरला की काय असं वाटावं. मग पुन्हा तेच सूर, पण हळू. भिवंडीत त्या धुनेला नाव नव्हतं. "मास्टर, वो रुलानेवाला बजाना," एवढंच लोक म्हणायचे. मी विचारलं होतं, ही सगळ्यांच्या लग्नात का वाजवता? तुम्ही म्हणालात, "ती तुझी हाय गो. तुझं लगीन होईपर्यंत बाकीच्या पोरींना उसनी देतो." मी लहान नव्हते, तरी ते ऐकून मला दोन दिवस भूक लागली नाही.

मग त्या कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरचं लग्न आलं. पाहुण्यांमध्ये मुंबईचा एक माणूस होता, तो एका मोठ्या संगीत दिग्दर्शकाचा मदतनीस निघाला. तुमचं रुलानेवालं ऐकून तो तुमच्यापाशी आला आणि म्हणाला, स्टुडिओत या. तुम्ही एस.टी.ने गेलात, धुतलेला पांढरा शर्ट घालून, क्लारनेटची पेटी मांडीवर घेऊन. परत आलात ते वेगळेच माणूस होऊन. आई तव्यावर बोंबील भाजत होती आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हातवारे करून सांगत होता. व्हायोलिनवाल्यांच्या रांगाच्या रांगा. सगळ्यांपुढे कागद, त्यावर मुंग्यांसारखे सूर लिहिलेले. तुम्हाला वाचता येत नाही म्हणून तुमच्यापुढे कागद ठेवला नाही, तुम्ही नुसतं त्या मदतनिसाच्या हाताकडे बघायचं. आणि सगळ्यांच्या पाठीमागे मोठा पडदा, त्यावर सिनेमा चाललेला. काठी हलवणाऱ्या साहेबाचं तोंड पडद्याकडे, तो बघून इशारा करणार. वाजवणाऱ्यांची पाठ पडद्याकडे. पिक्चर बघत बसलं तर सूर चुकतो, म्हणून तशीच रीत.

"म्हंजे तुमी काय वाजवताव ते तुमाला ठावंच न्हाय?" आईने विचारलं.

"वाजवतो ते ठावं हाय. कशावर वाजवतो ते त्यांना ठावं."

आई म्हणाली, "असं आंधळ्यागत कोन वाजवतं?" तुम्ही हसलात. मग सांगितलंत, की मदतनिसाने तुम्हाला म्हटलं, कुछ ऐसा बजाओ मास्टर की कलेजा फट जाए. तुम्ही विचारलंत, "लडकी ससुराल जा रही है क्या?" तो म्हणाला, "हां हां, वही समझ लो." अप्पा, या शब्दांसाठी मी त्या माणसाला आजही माफ केलेलं नाही. त्याच्यासमोर पडदा होता. ती मुलगी कुठे चालली आहे ते त्याला दिसत होतं. तुमच्यासारख्या माणसाला बापाच्या काळजातलं काढून द्यायला लावायचं आणि ते त्या वखारीत नेऊन ओतायचं, आणि वर म्हणायचं वही समझ लो! घाणेरडी माणसं. कलावंत होती म्हणे मोठी. असतील, पण मला त्यांची शिसारी येते.

सिनेमा भिवंडीला लागला तेव्हा तुम्ही अख्खी चाळ गोळा केलीत. लूमवरचे जोडीदार, बँडवाले, आत्या, शेजारच्या भाभी, सगळ्यांना आग्रह करकरून बोलावलंत. मुलीचं लग्न काढल्यासारखा तुमचा थाट. आम्ही बायका वर लेडीजमध्ये, तुम्ही खाली. पहिल्यापासून तो ऑर्केस्ट्रा नुसता अंगावर येत होता. हीरो घोड्यावर बसला की ढोल, उतरला की ढोल, त्याने सिगारेट पेटवली तरी व्हायोलिनवाले जीव गेल्यासारखे किंचाळायचे. आत्या कानात बोळे घालून बसली होती. मग ती वखार आली. हीरोची बहीण, साधी पोर, डोक्यावर गवताचा भारा. दार बंद झालं. ढोल थांबले, व्हायोलिनं थांबली, आणि त्या शांततेत एकटं तुमचं क्लारनेट सुरू झालं. मी पहिल्या सुराला ओळखलं. पाया पडतानाचे सूर त्यांनी तिच्या मागे सरकण्यावर लावले होते. मुलगी वळून बघायची तिथे तुम्ही थांबायचात, त्या थांबण्यात त्यांनी तिचं ओरडणं भरलं होतं. आणि पुढच्या बाकांवरून शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी पडद्यावर चिल्लर उधळली. आईने पदर तोंडावर घेतला. भाभी उठून निघून गेल्या. मी कठड्यावरून वाकून तुम्हाला शोधलं. तुम्ही डोळे मिटून बसला होतात. मान हलत होती, आणि गुडघ्यावर बोटं क्लारनेटच्या भोकांवर फिरावीत तशी फिरत होती. तुमच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी कधी पाहिलं नव्हतं. मला तुमची किळस आली. लिहिलं एकदाचं.

मध्यंतरात तुम्ही शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन वर आलात आणि विचारलंत, "कसं वाटलं? किती साफ आलंय, बघलंत का?"

"आमी बघलं," आई म्हणाली. "तुमी बघलंत का?"

"मी आइकत होतो."

"मंग घरी बसून आइकायचं व्हतं. मानसं कशाला जमवलीत?" एवढं बोलून तिने पुडी तुमच्या हातात परत दिली. लोकांसमोर तिने तुम्हाला असं कधी झिडकारलं नव्हतं. तुम्हाला वाटलं तिला सिनेमा समजला नाही. नंतरचे कित्येक दिवस तुम्ही ज्याला त्याला सांगत होता, त्या सिनेमात एक पीस माझा आहे, वखारीच्या सीनला. लोक तुमच्या तोंडावर वा वा करायचे आणि पाठ वळली की डोळे मिचकावायचे. मी भाजी आणायला जायचे तर कोपऱ्यावरची टोळी तोंडाने तीच धून काढायची. त्यांना ती धून चांगलीच पाठ होती, कारण तुम्ही ती किती लग्नांत वाजवली होतीत. आता तिला अर्थ मिळाला होता.

तुम्हाला कळलं ते निजामपुऱ्यातल्या त्या लग्नात. मी तिथे नव्हते, पण बँडमधल्या चाचांनी आईला सांगितलं ते मी दाराच्या पडद्याआडून ऐकलं. नवरी पाया पडत होती. तुम्ही नेहमीसारखे पुढे झालात. वाजवायला लागलात तशी समोरच्या गॅलरीतून शिट्टी आली, मग दुसरी, मग कुणीतरी बाईच्या आवाजात "बचाओ" म्हणून ओरडलं आणि सगळी गॅलरी हसली. नवरीने ओढणी तोंडात कोंबली. तिचा बाप हात जोडून तुमच्यापाशी आला. "मास्टर, ये पिक्चरवाला मत बजाओ. शरीफ लोगों की शादी है." तुम्ही म्हणालात, "पिक्चर का नहीं है साहब, मेरा है." तो म्हणाला, "होगा. मगर मत बजाओ." चाचा सांगत होते, की तुम्ही मग मागे जाऊन ढोलवाल्यांच्या पलीकडे उभे राहिलात आणि काहीच वाजवलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर न जाता एकटेच मॅटिनीला गेलात. सिनेमा सुटायच्या खूप आधी घरी आलात. चप्पल काढली नाही, सरळ मोरीत गेलात आणि चुळा भरत बसलात. तांब्या संपला की दुसरा. आईने विचारलं, बाहेर काय खाल्लंत? तुम्ही रिकामा तांब्या तिच्यापुढे धरलात. मला त्या क्षणी बरं वाटलं, आता दिसलं तर यांना. पण दिसून काय उपयोग! बैल गेला नि झोपा केला. सगळ्या गावाला तुम्हीच हाताला धरून नेऊन दाखवलं होतंत.

त्याच वैशाखात माझं लग्न होतं. स्थळ काल्हेर गावातलं, तेव्हा तिथे गोदामं नव्हती, खाडीकाठची भाताची शेतं होती. सासरची माणसं सरळ, त्यांनी काही अट घातली नाही. घातली ती मी. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ब्लेडने पत्ती तासत होता. मी पोळ्या लाटत होते, तुमच्याकडे न बघता म्हटलं, "अप्पा, माझ्या लग्नात ते वाजवू नका."

तुमचं ब्लेड थांबलं. "ते तुझंच हाय."

"आता माझं न्हाय राहिलं. ते वाजलं तर लोक माझ्याकडे कसे बघतील, ते तुम्हाला कळतंय का?"

तुम्ही पत्ती उजेडात धरून बघितलीत. आई चुलीतले निखारे सारत राहिली. मग तुम्ही विचारलंत, "मंग काय वाजवू?"

"काही नको."

तुम्ही "बरं" म्हणालात, पत्ती डबीत ठेवलीत आणि बाहेर गेलात. माझं चुकलं नव्हतं, अप्पा, मला आजही तसंच वाटतं. अंगावर हळद लावून मी मांडवातून निघणार आणि गॅलरीतून कुणी "बचाओ" म्हणणार, हे मला नको होतं. कुठल्या मुलीला हवं असेल? पण त्या लोकांनी काय करून ठेवलं बघा. नुसती एक धून चोरली असती तर मी चार शिव्या देऊन गप्प बसले असते. त्यांनी ती अशी बरबटवली, की बापाने मुलीसाठी वाजवावी तर मुलीलाच लाज वाटावी. आणि काल त्यावर टाळ्या पडल्या. तुमची नात घरी आल्यापासून मागे लागली आहे. कार्यक्रमवाल्यांना अज्ञात वादकांची नावं हवी आहेत, आई, आपण आजोबांचं नाव कळवू, फोटो देऊ, लाल कोटातला. मी नाही म्हटलं. ती चिडली. म्हणाली, तुला त्यांचा अभिमानच नाही. तिला काय सांगू, त्या वखारीच्या दारावर तू आजोबांचं नाव लावायला निघाली आहेस म्हणून? ज्याचं जळतं त्याला कळतं. राहा तुम्ही अज्ञात, त्यातच तुमची अब्रू आहे.

लग्नाचा दिवस शुक्रवार होता, म्हणजे भिवंडीतल्या कारखान्यांची सुट्टी, लूम बंद. बँडवाल्या चाचांनी वरातीला सगळं वाजवलं, तुम्हीही लाल कोट घालून त्यांच्यात उभे होतात, बापाने बँडात उभं राहावं का म्हणून आत्या कुरकुरलीही. जेवणं झाली. मला गाडीपाशी आणलं. पाया पडायची वेळ झाली तशी वाद्यं खाली आली, नेहमीच्या सवयीने, आणि मग कुणीच काही वाजवेना. लूम चालू असते तर निदान तो खडखडाट असता. नारपोलीत इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. बायकांच्या बांगड्या वाजत होत्या तेवढ्याच. तुमच्या पाया पडले तेव्हा क्लारनेट तुमच्या हातात होतं आणि पत्ती भिजवलेली होती, तुमच्या ओठांवर तिची खूण दिसत होती. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि बाजूला झालात. मी सांगितलं होतं तसंच वागलात, एका शब्दानेही मोडलं नाहीत.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुमची नात बघेल आणि कार्यक्रमवाल्यांना नेऊन देईल, म्हणून आजच चुलीत, म्हणजे आता गॅसवर, जाळीन. त्याआधी एक लिहिते. गाडीत चढताना मी पदर अडकल्याचं निमित्त करून थांबले होते. सासूबाईंना वाटलं मला रडू आवरत नाही, त्यांनी पाठीवर हात फिरवला. रडू आलंच नव्हतं. गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या होत्या, शिट्ट्या आल्याच असत्या. मी नको म्हटलं होतं तरी तुम्ही वाजवाल, असं मला वाटलं होतं.